हद्दीलगतचे वाढीव बांधकाम : शेजारधर्म आणि कायदा

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने रूढ केली त्याला घर पहिल्यांदा बांधतानाच्या यातना ठाऊक असाव्यात. बांधलेले घर वाढवताना काय होते, याचा अनुभव मात्र आजच्या शहरवासीयांनाच अधिक आहे. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतील तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बंगल्यांच्या वसाहतींत हे चित्र वारंवार दिसते. मुलाचे लग्न ठरते, घरात एक खोली कमी पडू लागते आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंतची दहा फुटांची मोकळी जागा नजरेत भरते. कंत्राटदार सांगतो, ‘जागा तुमचीच आहे, कोण विचारणार?’ पाया खणला जातो, भिंत चढते आणि एका सकाळी शेजारच्या स्वयंपाकघरात दिवा लावल्याशिवाय चहा करता येत नाही, हे लक्षात येते. वर्षानुवर्षे दिवाळीच्या फराळाची ताटे ज्या कुंपणावरून गेली, त्याच कुंपणावरून मग वकिलाच्या नोटिसा जाऊ लागतात.

अशा वादात बहुतेक वेळा दोन्ही बाजू प्रामाणिकपणे आपणच बरोबर आहोत असे मानत असतात. एकाला वाटते, ‘माझ्या जागेत मी काहीही बांधीन.’ दुसऱ्याला वाटते, ‘माझी खिडकी बंद करण्याचा याला अधिकारच नाही.’ कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. म्हणूनच या प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू सुट्या करून पाहणे आवश्यक ठरते.

हद्द नेमकी कोठे आहे?

कुंपणाची भिंत म्हणजेच मालकीची हद्द, हा पहिला गैरसमज. भिंत बांधताना गवंड्याने दोरी कोठे धरली यावर तिची जागा ठरलेली असते. मालकीची हद्द ठरते ती भूमी अभिलेखांवरून. शहरी भागात नगर भूमापन झाले असल्यास मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि त्यासोबतचा नकाशा हा आधार असतो. अन्यत्र सातबारा उतारा, गटाचा नकाशा आणि मंजूर रेखांकन पाहावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये हद्दी निश्चित करणे, त्यासंबंधीचे वाद मिटवणे आणि हद्दीच्या खुणा राखणे यासंबंधी तरतुदी आहेत.

व्यवहारात यासाठी भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षक कार्यालयाकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या धारकांना मोजणीच्या तारखेची नोटीस दिली जाते, जागेवर मोजणी होऊन खुणा दाखवल्या जातात आणि अर्जदाराला मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ही मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, म्हणजे ‘निमताना’ मोजणी मागता येते. खासगी सर्व्हेअरकडून केलेली मोजणी स्वतःच्या माहितीसाठी उपयुक्त असली, तरी वाद उभा राहिल्यावर सरकारी मोजणीलाच वजन असते. वाढीव बांधकामाचा विचार मनात येताच, म्हणजे पाया खणण्यापूर्वी, मोजणी करून घेतली तर पुढचे निम्मे तंटे जन्मालाच येत नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेजाऱ्याने हद्द ओलांडून जागा ताब्यात घेतली आणि मूळ मालकाविरुद्ध उघडपणे, अखंडपणे, स्वतःच्या हक्काने बारा वर्षे ती वहिवाटली, तर मुदतीचा कायदा, १९६३ प्रमाणे मूळ मालकाचा ताबा परत मागण्याचा अधिकार संपुष्टात येऊ शकतो. ‘फूटभर जागेने काय होते’ असे म्हणून केलेले दुर्लक्ष पुढच्या पिढीला महागात पडते ते यामुळेच.

जागा स्वतःची, तरी मोकळी का?

हद्दीच्या आत, स्वतःच्याच भूखंडावर इमारतीभोवती जे अंतर मोकळे सोडावे लागते, त्याला नियमावलीच्या भाषेत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. बोलीभाषेत हेच ‘साइड मार्जिन’. बृहन्मुंबईत २०१८ साली अमलात आलेली २०३४ च्या विकास आराखड्याची नियमावली लागू आहे. राज्याच्या उर्वरित बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. किती अंतर सोडावयाचे हे भूखंडाचा आकार, समोरील रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि वापर यांवर ठरते. जुन्या पेठा आणि गावठाणांसारख्या दाट वस्तीच्या भागांना वेगळे, काहीसे सैल निकष आहेत. त्यामुळे ‘पलीकडच्या गल्लीतल्याने बांधले, मग मी का नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, शिल्लक आहे म्हणून कोठेही बांधता येते, हाही असाच एक गैरसमज. एफएसआय किती बांधायचे ते सांगतो; कोठे बांधायचे ते सामासिक अंतर सांगते. दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. छज्जा किंवा सज्जा मोकळ्या जागेत ठरावीक रुंदीपर्यंत चालतो. परंतु तोच सज्जा विटांनी बंद करून खोलीत घेतला की ते अनधिकृत बांधकाम होते. ‘नुसती पत्र्याची शेड आहे’ हे उत्तरही पुरेसे नसते. कायमस्वरूपी आच्छादन घालून जागा वापरात आणली तर तिला परवानगी लागते की नाही, हे नियमावलीतच पाहावे लागते.

ही मोकळी जागा केवळ शेजाऱ्याच्या सोयीसाठी राखलेली नसते. आग लागली तर पाण्याचे पाइप तेथूनच न्यावे लागतात. सांडपाण्याची वाहिनी तुंबली तर ती उकरण्यासाठी जागा लागते. पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यासाठी माती उघडी असावी लागते. दोन्ही बंगल्यांनी आपापली बाजू झाकली की जुलै महिन्यात पाणी कोणाच्या तरी उंबरठ्यावर चढणारच.

परवानगी कशाला लागते?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ‘विकास’ करता येत नाही, आणि या शब्दात वाढीव बांधकामही येते. इमारतीच्या अंतर्भागापुरती मर्यादित असलेली किंवा बाह्य स्वरूपात लक्षणीय बदल न करणारी दुरुस्ती व सुधारणा याला कलम ४३ मध्ये अपवाद आहे. म्हणजे फरशी बदलणे, रंगकाम करणे यासाठी महापालिकेत जावे लागत नाही. परंतु हद्दीच्या बाजूला खोली काढणे किंवा गच्चीवर मजला चढवणे यासाठी वास्तुविशारदामार्फत नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. गृहनिर्माण संस्थेतील भूखंड असेल तर संस्थेची संमती हा वेगळा विषय असतो. ती मिळाली म्हणून महापालिकेची परवानगी मिळाली असे होत नाही.

शेजाऱ्याचे संमतिपत्र स्टॅम्पपेपरवर घेतले की काम झाले, अशीही समजूत आढळते. सामासिक अंतर हा सार्वजनिक हिताचा नियम असल्याने तो दोन शेजारी आपसांत माफ करू शकत नाहीत. जोडबंगला किंवा रो-हाऊस म्हणून नकाशाच तसा मंजूर झाला असेल तर गोष्ट निराळी. अन्यथा सवलत द्यायचीच असेल तर ती नियमावलीने दिलेल्या मर्यादेत नियोजन प्राधिकरणच देऊ शकते.

खिडकीतला उजेड कोणाचा?

बांधकाम पूर्णपणे नियमात असले तरी शेजाऱ्याचा एक स्वतंत्र, खासगी हक्क त्याच्या आड येऊ शकतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे, एखाद्या इमारतीतील खिडकीतून किंवा झरोक्यातून येणाऱ्या उजेडाचा व हवेचा उपभोग वीस वर्षे शांतपणे, अखंडपणे आणि सुविधाधिकार म्हणून घेतला असेल, तर तो हक्क पक्का होतो. समोरची जागा सरकारी असेल तर ही मुदत तीस वर्षे आहे. हा वीस वर्षांचा काळ दावा दाखल करण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. शेजाऱ्याच्या परवानगीने किंवा त्याच्याशी झालेल्या करारान्वये उजेड घेतला असेल तर तो हक्काचा उपभोग ठरत नाही.

या हक्काच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तो खिडकीसारख्या निश्चित उघाडीला मिळतो. मोकळ्या अंगणात येणाऱ्या वाऱ्याला किंवा गच्चीवरून दिसणाऱ्या टेकडीला मिळत नाही. मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या हवा-उजेडाचा हक्क वहिवाटीने मिळवता येत नाही, असे कलम १७ सांगते. शिवाय, उजेड थोडा कमी झाला एवढ्याने दावा जिंकता येत नाही. घराच्या राहणीमानात भौतिकदृष्ट्या लक्षणीय अडचण येत असेल, मालमत्तेचे मूल्य लक्षणीय घटत असेल किंवा तेथील नेहमीचा व्यवसाय पूर्वीसारखा करता येत नसेल, तरच कलम ३३ खाली ‘भरीव’ नुकसान मानले जाते. दुपारी बाराला दिवा लावावा लागणे आणि सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास उशिरा येणे, यांत कायदा फरक करतो.

एक बारकावा मात्र अत्यंत महत्त्वाचा आहे. वीस वर्षे पूर्ण होण्याआधी कोणी अडथळा उभारला आणि त्याची माहिती असूनही तो एक वर्षभर निमूटपणे सहन केला, तर उपभोग खंडित झाला असे मानले जाते. म्हणजे संबंध बिघडू नयेत म्हणून बाळगलेले मौन हक्कालाच मारक ठरू शकते.

नव्या खोलीची खिडकी थेट आपल्या अंगणात उघडते, ही आणखी एक नेहमीची तक्रार. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १८ मध्ये स्थानिक रूढीने मिळणाऱ्या हक्कांचा उल्लेख असून, शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण होईल अशी नवी खिडकी उघडता येणार नाही, अशी एखाद्या गावाची रूढी हे त्याचे उदाहरण म्हणून दिले आहे. गुजरातेत अशी रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. रूढी सिद्ध करता येत नसेल तर केवळ खिडकी उघडली या कारणाने दाद मिळणे कठीण. तेथे उंचावरची खिडकी, अपारदर्शक काच किंवा जाळी असा समझोताच उपयोगी पडतो.

पाया, भिंत आणि पागोळ्या

उजेडाइतकाच गंभीर प्रश्न पायाचा असतो. हद्दीला लागून खोल खणल्यास शेजारच्या जमिनीचा आधार जातो आणि भिंतींना तडे पडतात. जमिनीला नैसर्गिक अवस्थेत बाजूच्या जमिनीचा आधार मिळणे हा मालकीचाच भाग आहे. इमारतीचा भार असलेल्या जमिनीला तसा आधार हक्काने मिळण्यासाठी मात्र पुन्हा वीस वर्षांचा उपभोग सिद्ध करावा लागतो. काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही घरांच्या भिंतींची तारखेसह छायाचित्रे घेऊन ठेवणे दोघांच्याही हिताचे असते. तडा जुना की नवा, या वादावर त्याहून स्वस्त उपाय नाही. पुण्यातील पेठांत वाड्यांच्या भिंती सामाईक असतात. तेथे एका बाजूचा वाडा पाडताना दुसऱ्या बाजूला टेकू देणे ही केवळ सौजन्याची बाब नसून जीविताचा प्रश्न असतो.

पावसाच्या पाण्याचेही तसेच. आपल्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडू देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. नव्या शेडला पन्हळ लावून पाणी स्वतःच्याच आवारात उतरवणे हे बांधणाऱ्याचे काम आहे.

दाद कोठे मागावी?

तक्रारीचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत केल्याने अनेकांचा वेळ वाया जातो. नियमभंगाची तक्रार महापालिका, नगरपरिषद किंवा अन्य नियोजन प्राधिकरणाकडे करावयाची असते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली अनधिकृत बांधकाम काढण्याची आणि कलम ५४ खाली चालू काम थांबवण्याची नोटीस देता येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलमे २६० व २६७ आणि मुंबईपुरते १८८८ च्या अधिनियमातील कलमे ३५१ व ३५४अ ही त्याच जातीची आहेत. तक्रार मोघम नसावी. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली मागावी, प्रत्यक्ष बांधकामाशी ती ताडून पाहावी आणि तफावत मोजमापासह लिहावी. डिसेंबर २०२४ मध्ये मेरठमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा संपूर्ण काळ लावून ठेवण्याचे निर्देश दिले आहेत, ही बाबही शेजाऱ्यांना उपयोगी आहे.

दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. हद्द ओलांडली, खिडकी बुजवली, पाया खचवला अशा खासगी हक्कांच्या भंगासाठी तेथे मनाई हुकूम मागता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम आणि आदेश २६ खाली जागेच्या पाहणीसाठी न्यायालय आयुक्ताची नेमणूक मिळू शकते. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ खाली झालेले बांधकाम पाडण्याचा आदेशही देता येतो. परंतु येथे वेळ हाच कळीचा मुद्दा. पायाच्या वेळी गप्प राहून स्लॅब पडल्यावर धावणाऱ्याला, ‘तुमची मूक संमती होती’ हे उत्तर ऐकावे लागू शकते आणि पाडण्याच्या आदेशाऐवजी नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागू शकते. पोलीस ठाण्यात धाव घेणारे बरेच असतात. पण मारहाण, धमकी किंवा शांतताभंगाचा धोका नसेल तर हद्दीचा वाद पोलिसांच्या कक्षेत येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका या विषयात सातत्याने कठोर राहिली आहे. उडुपी येथे निवासी भागात नियोजन डावलून चित्रपटगृहाला दिलेली परवानगी १९७४ साली एका रहिवाशाच्या याचिकेवरून रद्द झाली. बांधकामावर पैसा खर्च झाला म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही आणि परिसरातील रहिवाशाला दाद मागता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. नोएडा येथील दोन उत्तुंग मनोऱ्यांचे प्रकरण तर सर्वांच्या स्मरणात आहे. शेजारच्या इमारतीपासून राखावयाचे किमान अंतर राखले नाही, हे तेथील रहिवाशांच्या लढ्यातील एक प्रमुख कारण होते. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. मोकळ्या अंतराचा नियम कागदावरचा नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

बांधणाऱ्याचीही बाजू

असे असले तरी प्रत्येक तक्रार न्याय्य असतेच असे नाही. जुने हेवेदावे, वाहन लावण्याच्या जागेवरून झालेली कुरबुर यांचा वचपा बांधकामाच्या तक्रारीतून काढला जातो, हेही वास्तव आहे. नकाशा मंजूर आहे, अंतर सोडले आहे आणि वीस वर्षांचा कोणताही हक्क मोडत नाही, अशा स्थितीत शेजाऱ्याला केवळ आवडत नाही म्हणून काम थांबवता येत नाही. आपल्याविरुद्ध दावा दाखल होईल अशी शक्यता वाटत असल्यास दिवाणी न्यायालयात ‘कॅव्हेट’ दाखल करता येते. ती नव्वद दिवस अमलात असते आणि त्या काळात बांधणाऱ्याला सूचना न देता मनाई हुकूम होत नाही.

महापालिकेची नोटीस आली तरी सर्व संपले असे नव्हे. बांधकाम नियमांत बसणारे असेल, फक्त परवानगी घ्यायची राहिली असेल, तर कलम ५३ मध्येच ते राखण्यासाठी परवानगीचा अर्ज करण्याची सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक ठरवली आहे. रस्ते, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारे पाडकाम याला अपवाद आहे. किरकोळ विचलन शुल्क भरून नियमित होऊ शकते. सामासिक अंतरच गिळून टाकणारे बांधकाम मात्र नियमित होईल या भरवशावर राहणे धोक्याचे. घर विकताना, त्यावर कर्ज काढताना किंवा पुनर्विकासाच्या वेळी हीच अनधिकृत खोली आडवी येते.

आधी सांगावे, मग खणावे

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून अमलात असलेला सामाईक भिंतींविषयीचा एक स्वतंत्र कायदा आहे. हद्दीवर भिंत उभारायची किंवा शेजारच्या इमारतीजवळ ठरावीक अंतरात खोल खणायचे असेल तर किमान एक महिना आधी, आणि सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते. मतभेद झाल्यास तज्ज्ञ सर्व्हेअर तोडगा ठरवतो. आपल्याकडे असा कायदा नाही. पण त्यामागचे शहाणपण उचलायला कायद्याची गरज नाही. नकाशा महापालिकेत देण्याआधी त्याची एक प्रत शेजाऱ्याच्या घरी नेऊन दाखवणे, खिडकी कोठे येणार, पाणी कोठे उतरणार, काम किती दिवस चालणार हे सांगणे आणि ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत लिहून ठेवणे, एवढ्याने पुष्कळ साधते.

वाद न्यायालयात गेला तरी मध्यस्थीचे दार बंद होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायालय पक्षकारांना मध्यस्थीकडे पाठवू शकते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुनी माणसे सांगत. हद्दीच्या वादात त्याला आणखी एक कारण आहे. इतर दाव्यांत निकालानंतर वादी आणि प्रतिवादी आपापल्या वाटेने निघून जातात. येथे मात्र दावा जिंकणारा आणि हरणारा दोघेही संध्याकाळी त्याच कुंपणाच्या दोन बाजूंना परततात. मध्यरात्री घरात कोणी आजारी पडले तर रुग्णवाहिका येईपर्यंत धावून येणारा पहिला माणूस, त्या भिंतीपलीकडचाच असतो.